कोलॅजन घ्यायचंय? आधी कशासाठी ते ठरवा. मग किती आणि कुठवर

कोलॅजन या प्रथिनाच्या डब्यावर त्वचा, केस, नखं, सांधे, हाडं, स्नायू अशी सगळी यादी एका ओळीत छापलेली असते आणि खाली एकच मात्रा दिलेली असते: रोज एक स्कूप. गडबड इथेच सुरू होते. त्वचेच्या चाचण्यांत वापरलेली मात्रा वेगळी, टेंडनच्या, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीच्या, प्रयोगातली वेगळी, हाडांसाठी लागणारा काळ वेगळा. पुराव्याचं वजनही प्रत्येक ठिकाणी सारखं नाही. एका ठिकाणी बऱ्यापैकी अभ्यास झालेत, दुसरीकडे जवळपास काहीच हाती नाही. त्यामुळे "कोलॅजन चांगलं की वाईट" या प्रश्नाला उत्तर नाही. "माझ्या या एका तक्रारीसाठी, इतके ग्रॅम, इतके आठवडे घेऊन फरक पडतो का" या प्रश्नाला उत्तर मिळू शकतं. पुढची सगळी माहिती त्या प्रश्नाभोवती मांडली आहे.

पोटात गेल्यावर त्याचं काय होतं

कोलॅजनचा रेणू म्हणजे तीन पेडांची घट्ट वेणी. प्रत्येक पेडात दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनं ज्या छोट्या घटकांची बनतात त्यांपैकी एक) असतं, कारण वेणीच्या आतल्या बाजूला एवढीशी जागा असते की तिथे सगळ्यात लहान अमिनो आम्लच मावतं. उरलेल्या जागांवर प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन भरपूर असतात. अशा वेण्या एकमेकींना बांधून तंतू होतात आणि त्या तंतूंवर त्वचा, हाडं, टेंडन, कूर्चा, रक्तवाहिन्यांच्या भिंती उभ्या राहतात. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे ३० टक्के वाटा या एकट्याचा. आजवर त्याचे २८ प्रकार ओळखले गेले आहेत, पण व्यवहारात पहिले तीनच महत्त्वाचे: टाइप १ त्वचा, हाडं आणि टेंडनमध्ये; टाइप २ सांध्यांच्या कूर्चेत; टाइप ३ त्वचेत आणि रक्तवाहिन्यांत.

आता ही वेणी गिळली म्हणून ती अख्खीच्या अख्खी गालावर जाऊन बसत नाही. जठरात आणि आतड्यात तिचे तुकडे होतात, बहुतेक भाग सुट्या अमिनो आम्लांपर्यंत मोडतो आणि इतर कुठल्याही प्रथिनासारखा शरीराच्या साठ्यात मिसळतो. फक्त एक गोष्ट वेगळी घडते. हायड्रॉक्सिप्रोलिन असलेले दोन-दोन अमिनो आम्लांचे काही तुकडे पचनातून वाचतात आणि तसेच रक्तात उतरतात. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी कोलॅजन खाल्लेल्या माणसांच्या रक्तात ते मोजून दाखवले. त्वचेत कोलॅजन बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींना हे तुकडे दिसले की त्यांना "इथे मोडतोड झालीय, दुरुस्ती काढा" असा निरोप मिळतो, असा तर्क आहे. म्हणजे कोलॅजनची पावडर बांधकामाच्या विटांपेक्षा गवंड्याला पाठवलेल्या निरोपासारखी जास्त आहे. निरोप पोचला म्हणून काम होईलच असं नाही, हे कुणालाही पटेल.

अपेक्षा किती ठेवायची ते आणखी एका आकड्यावरून कळतं. त्वचेतलं निम्मं कोलॅजन बदलायला सुमारे १५ वर्षं लागतात, तर कूर्चेतलं निम्मं बदलायला शंभर वर्षांहून जास्त. तेव्हा "झिजलेली कूर्चा भरून निघते" असं कुणी तीन महिन्यांच्या पॅकवर लिहीत असेल, तर त्याचा गणिताशी संबंध नाही. दुखणं कमी होणं शक्य आहे, कूर्चा नव्यानं उगवणं ही वेगळी गोष्ट आहे.

तीन वस्तू, नाव एकच

दुकानात "कोलॅजन" या नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात आणि त्यांची मात्रा एकमेकींना अजिबात लागू होत नाही.

पहिली जिलेटिन. कातडी, हाडं पाण्यात उकळून वेणीचे पेड सोडवले की जिलेटिन तयार होतं. ते गरम पाण्यात विरघळतं आणि थंड झाल्यावर थलथलीत गोठतं.

दुसरी हायड्रोलाइज्ड कोलॅजन, म्हणजेच कोलॅजन पेप्टाइड्स. जिलेटिनवर एन्झाइमची प्रक्रिया करून त्याचे आणखी बारीक तुकडे करतात. मूळ रेणूचं वजन सुमारे ३,००,००० डाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक) असतं, या तुकड्यांचं साधारण २,००० ते ५,०००. हे थंड पाण्यातही विरघळतात आणि गोठत नाहीत. बाजारातल्या बहुतेक पावडरी याच. ग्रॅममध्ये दिलेल्या जवळपास सगळ्या मात्रा यांच्यासाठी आहेत.

तिसरी अनडिनेचर्ड टाइप २ कोलॅजन. कोंबडीच्या छातीच्या कूर्चेपासून, उष्णता न देता, वेणी शाबूत ठेवून बनवतात. याची मात्रा रोज फक्त ४० मिलिग्रॅम, कारण इथे काम कच्च्या मालाचं नाहीच. आतड्यातल्या प्रतिकारयंत्रणेला हे प्रथिन ओळखीचं करून द्यायचं, म्हणजे ती सांध्यातल्या कोलॅजनवर तुटून पडणार नाही, असा त्यामागचा विचार आहे. यातूनच नेहमीची चूक होते: ४० मिलिग्रॅम साधे पेप्टाइड्स असलेली कॅप्सूल "सांध्यांसाठी पुरेशी मात्रा" म्हणून विकली जाते. पेप्टाइड्सचे ४० मिलिग्रॅम म्हणजे नखभर धूळ. लेबलवर "अनडिनेचर्ड" किंवा "नेटिव्ह" हा शब्द नसेल तर तो आकडा निरर्थक आहे.

डब्यात जिलेटिन आहे की पेप्टाइड्स, हे घरी तपासता येतं. ५ ग्रॅम पावडर १०० मिलिलिटर गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, कप झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी कप तिरका करून पाहा. पाण्यासारखं वाहिलं तर पेप्टाइड्स. कपाला धरून बसलं, चमच्यानं कापता आलं तर जिलेटिन. जिलेटिन वाईट नाही, स्वस्त असतं आणि अमिनो आम्लं तीच असतात. पण पेप्टाइड्सच्या भावानं घेतलं असेल तर फसगत झाली, आणि थंड पेयात ते गुठळ्या का धरतं याचंही उत्तर मिळालं.

राहिला "टाइप १, २, ३, ५ आणि १०" असं मिरवणाऱ्या डब्यांचा प्रश्न. एकदा बारीक तुकडे झाले की टाइपचा फरक बहुतांशी संपतो. सगळ्यांमध्ये तीच अमिनो आम्लं जवळपास त्याच प्रमाणात असतात. टाइप बघायचा तो फक्त अनडिनेचर्ड घेताना. बाकी वेळी तो छपाईचा खर्च समजा. मासळीचं की गुरांचं, हा प्रश्नही परिणामापेक्षा ॲलर्जी, आहाराचे नियम आणि वास यांच्या अंगानं सोडवा.

कशासाठी किती, आणि किती दिवस

*त्वचा.* सगळ्यात जास्त चाचण्या इथे आहेत. मात्रा रोज २.५ ते १० ग्रॅम, काळ ८ ते १२ आठवडे. २०१४ मध्ये ३५ ते ५५ वयाच्या ६९ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत २.५ आणि ५ ग्रॅम अशा दोन मात्रा दिल्या होत्या. ८ आठवड्यांनी लवचीकता वाढलेली दिसली आणि ५ ग्रॅम घेणाऱ्यांना २.५ वाल्यांपेक्षा ठळक जादा फायदा झाला नाही. म्हणून त्वचेसाठी २० ग्रॅमचे मोठे स्कूप ओतण्यात काही हशील नाही.

मात्र इथली दुसरी बाजू नीट वाचा. २०२५ मध्ये २३ चाचण्या आणि १,४७४ लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. सगळ्या चाचण्या मिळून ओलावा, लवचीकता, सुरकुत्या तिन्हींत सुधारणा दिसली. पण कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या, तेव्हा ती सुधारणा नाहीशी झाली. उत्तम दर्जाच्या चाचण्यांतही तेच. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०११ मध्ये सांध्यांचा आणि २०१३ मध्ये त्वचेच्या लवचीकतेचा दावा पुरेशा पुराव्याअभावी नाकारलेला आहे. याचा अर्थ उपयोग शून्य असं सिद्ध झालं असा नाही. फरक पडला तरी तो यंत्रानं मोजण्याइतका असेल, शेजारच्यांनी विचारण्याइतका नव्हे, अशी तयारी ठेवा.

त्यातही त्वचेसाठी कोलॅजन घ्यायचं आणि उन्हात तसंच फिरायचं, हे भोक पडलेल्या बादलीत पाणी भरण्यासारखं आहे. अतिनील किरणांमुळे त्वचेतली कोलॅजन कापणारी एन्झाइम चेकाळतात. ऑस्ट्रेलियात ९०३ जणांवर साडेचार वर्षं चाललेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर वयाच्या खुणा २४ टक्के कमी आढळल्या. कोलॅजनच्या कुठल्याही डब्यामागे एवढा भक्कम पुरावा नाही. धूम्रपानाचंही तसंच: ते चालू असेल तर आधी त्याचा विचार करा. आणि कोलॅजनचं क्रीम? साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठा रेणू धडधाकट त्वचेतून आत शिरत नाही. क्रीममधलं कोलॅजन वरच बसतं, ओलावा धरतं, धुतलं की जातं.

*सांधे.* पेप्टाइड्स रोज १० ग्रॅम, निदान ३ महिने, शक्यतो ६. अमेरिकेत १४७ खेळाडूंवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २४ आठवड्यांच्या चाचणीत १० ग्रॅम घेणाऱ्यांची हालचालीतली दुखी कमी झाली. गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्येही, म्हणजे झिजेच्या संधिवातातही, दुखणं थोडं कमी होतं असे अभ्यास आहेत. अनडिनेचर्ड टाइप २ घ्यायचं असेल तर ४० मिलिग्रॅम, ६ महिने. दोन्ही एकदम सुरू करू नका. फरक पडला तर कशानं पडला ते कळणार नाही. गुडघ्याभोवतीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन असेल तर ते उतरवणं, यांचा परिणाम कोलॅजनपेक्षा मोठा आणि जास्त खात्रीचा आहे. कोलॅजन त्यांच्या जोडीला घ्या, त्यांच्याऐवजी नाही. सांधा सुजलेला, गरम, लाल असेल किंवा सकाळी अर्ध्या तासाहून जास्त काळ आखडून राहत असेल, तर पावडर शोधू नका, डॉक्टर गाठा. संधिवाताचे काही प्रकार औषधांशिवाय सांधा कायमचा बिघडवतात.

*टेंडन आणि लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा).* इथे वेळेला खरोखर किंमत आहे. टेंडनला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. ताण देऊन मोकळं केलं की त्यात द्रव शोषला जातो, स्पंज पिळून सोडल्यासारखा. म्हणून व्यायाम होतो त्या वेळी रक्तात अमिनो आम्लं भरपूर असावीत अशी युक्ती आहे. २०१७ च्या एका छोट्या प्रयोगात ८ पुरुषांना सुमारे ४८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्वासह १५ ग्रॅम जिलेटिन दिलं, तासाभरानं ६ मिनिटं दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या. कोलॅजन तयार होण्याची रक्तातली खूण दुपटीनं वाढली. आठच माणसं, तेही निरोगी. पण पद्धत सोपी आणि निरुपद्रवी असल्यानं फिजिओथेरपीच्या जोडीला वापरली जाते: व्यायामाआधी ४५ ते ६० मिनिटं, १५ ग्रॅम, सोबत ५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. व्यायामच नसेल तर ही मात्रा वाया.

*हाडं.* रजोनिवृत्ती झालेल्या १३१ स्त्रियांवरच्या चाचणीत रोज ५ ग्रॅम पेप्टाइड्स १२ महिने दिल्यावर मणक्यांची आणि मांडीच्या हाडाच्या मानेची घनता थोडी वाढली. बारा महिने हा त्यातला महत्त्वाचा शब्द. हाड ठिसूळ झाल्याचं निदान झालेलं असेल तर डॉक्टरांनी दिलेलं औषध, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या जागी कोलॅजन बसवणं धोक्याचं आहे. फ्रॅक्चर टळतात का, हे त्या चाचणीनं पाहिलेलंच नाही.

*स्नायू.* वयामुळे स्नायू झडलेल्या ५३ पुरुषांना वजनांच्या व्यायामासोबत रोज १५ ग्रॅम दिल्यावर १२ आठवड्यांत ताकद वाढली, पण तुलना दुसऱ्या चांगल्या प्रथिनाशी नव्हती. स्नायू बांधायला ल्युसिन लागतं, ते कोलॅजनमध्ये कमी. ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल तर त्यात नाहीच. त्यामुळे प्रथिनांच्या दर्जाच्या मोजणीत त्याला शून्य गुण मिळतात. स्नायूंसाठी व्हे, दूध, अंडी, डाळी-सोया यांवर पैसा घाला.

*नखं आणि केस.* नखांवर २.५ ग्रॅम, २४ आठवडे असा एक छोटा अभ्यास आहे. नखं तुटणं कमी झालं, पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. केसांसाठी एकट्या कोलॅजनचा भरवशाचा पुरावा नाही. केस केराटिनचे बनतात, कोलॅजनचे नव्हे. केस गळत असतील तर आधी रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासा.

लेबल कसं वाचायचं

डबा उलटा करा. पुढच्या बाजूला जाहिरात असते, मागच्या बाजूला माल.

सगळ्यात आधी एका सर्व्हिंगमध्ये कोलॅजन किती ग्रॅम, ते शोधा. "सर्व्हिंग १२ ग्रॅम" आणि "कोलॅजन १२ ग्रॅम" यांत फरक आहे. चव घातलेल्या पावडरीत १२ पैकी ५ ग्रॅम साखर, कोको आणि घट्टपणा आणणारे पदार्थ असू शकतात. "ब्लेंड" म्हणून पाच गोष्टींचं एकत्र वजन दिलं असेल आणि कोलॅजनचं वेगळं दिलं नसेल, तर तो डबा खाली ठेवा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते; कोलॅजन पहिलं नसेल तर तुम्ही दुसरंच काहीतरी विकत घेताय.

मग सर्व्हिंगच्या नव्हे, तुम्हाला हव्या असलेल्या मात्रेच्या हिशेबानं डबा किती दिवस पुरतो ते काढा. २५० ग्रॅमचा निव्वळ कोलॅजनचा डबा रोज ५ ग्रॅमनं ५० दिवस जातो, १५ ग्रॅमनं १६ दिवस. कॅप्सूलचं गणित तर डोळे उघडणारं असतं: ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमधून १० ग्रॅम हवे असतील तर रोज २० कॅप्सूल गिळाव्या लागतात. दिवसाला दोन गिळून त्वचेवर काही दिसत नाही यात नवल नाही. गमींचंही तेच, वर साखर.

प्रथिनांच्या आकड्यात एक बारकावा दडलेला असतो. प्रयोगशाळा नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ नं गुणून प्रथिन काढते. कोलॅजनमध्ये नायट्रोजन जास्त असल्यानं त्याचा खरा गुणक सुमारे ५.५५ आहे. नेहमीच्या गुणकानं काढलेला आकडा त्यामुळे बारा-तेरा टक्के फुगतो. "१०० ग्रॅममध्ये १०३ ग्रॅम प्रथिनं" असा चमत्कार कुठे दिसला तर कारण हे.

कोलॅजन कशापासून काढलंय, हे स्पष्ट लिहिलेलं हवं: गाय-बैलाचं कातडं, डुकराचं कातडं, माशांची साल आणि खवले, कोंबडीची कूर्चा, अंड्याच्या कवचाआतला पापुद्रा. यांपैकी काहीच लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. वनस्पतींमध्ये कोलॅजन नसतं. "व्हेगन कोलॅजन" म्हणून मिळतं ते बहुधा क जीवनसत्त्व, झिंक, काही अमिनो आम्लं आणि वनस्पतींचे अर्क यांचं मिश्रण असतं. ते वाईट नाही, पण ते कोलॅजन नाही आणि वरच्या चाचण्या त्याला लागू होत नाहीत. शाकाहारी माणसानं पुरेशी एकूण प्रथिनं, क जीवनसत्त्व आणि सनस्क्रीन एवढं सांभाळलं तरी कोलॅजनच्या बाबतीत तो फारसं काही गमावत नाही.

कातडी आणि हाडं शिसं, कॅडमियमसारखे जड धातू धरून ठेवू शकतात. म्हणून दर बॅचचा तपासणी अहवाल मागितल्यावर मिळतो का, किंवा डब्यावर यूएसपी, एनएसएफ, इन्फॉर्म्ड स्पोर्ट यांपैकी कुठल्या स्वतंत्र तपासणीचं चिन्ह आहे का, ते पाहा. डोपिंगची चाचणी होणाऱ्या खेळाडूनं तर खेळाडूंसाठीचं प्रमाणपत्र नसलेला डबा उघडूच नये.

शेवटचं, जोडीला काय घातलंय. बायोटिन (केस-नखांसाठी म्हणून घातलं जाणारं एक ब जीवनसत्त्व) असेल तर त्याची मात्रा टिपून ठेवा. कारण पुढे येईल. अ जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात असेल आणि गर्भधारणा असेल किंवा ठरवत असाल, तर तो डबा नको.

रोज घेण्याची पद्धत

१. मोजा वजनानं. डब्यातला स्कूप घनफळ मोजतो, वजन नाही. बारीक पावडर दाबून भरली तर जास्त येते, फुगीर रवाळ पावडर कमी. १५ मिलिलिटरच्या सपाट चमच्यात साधारण ५ ते ७ ग्रॅम मावतात, पण तुमच्या पावडरीचं वजन एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून स्कूपवर पेननं खूण करून ठेवा. डबा बदलला की पुन्हा.

२. आधी पाणी, मग पावडर. उलटं केलं तर तळाला चिकट लगदा बसतो, वर कोरडी पावडर भरलेल्या गुठळ्या तरंगतात आणि कितीही ढवळा, त्या फुटत नाहीत. कपात १५०-२०० मिलिलिटर पाणी घ्या, पावडर पृष्ठभागावर भुरभुरवा, मिनिटभर तशीच भिजू द्या, मग ढवळा. जोरात घुसळलं तर फेस येतो, कारण कोलॅजन हवा धरून ठेवतं. फेस धोकादायक नाही, पण त्यात पावडर अडकून कपालाच राहते. थोडं पाणी घालून कप विसळा आणि तेही प्या.

३. गरम चालतं. चहा-कॉफीच्या तापमानाला पेप्टाइड्स बिघडत नाहीत. वेणी आधीच मोडलेली आहे, आणखी काय मोडणार? पिठात मळून भाजलं तरी अमिनो आम्लं राहतात. अनडिनेचर्ड टाइप २ मात्र उष्णतेपासून लांब ठेवा. त्याची किंमतच शाबूत वेणीची आहे आणि गरम पेयात ती उलगडते. ते साध्या पाण्याबरोबर, सहसा रिकाम्या पोटी किंवा झोपताना घेतात.

४. वेळ कुठलीही. सकाळी की रात्री, याने त्वचेच्या किंवा सांध्यांच्या बाबतीत फरक पडल्याचा पुरावा नाही. जी वेळ चुकणार नाही ती खरी. अपवाद टेंडनचा, तो वर आलाच आहे. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घेत असाल तर ती आधी घ्या आणि डॉक्टरांनी सांगितलेलं अर्ध्या ते एका तासाचं अंतर ठेवून मग कोलॅजन. पावडरीत कॅल्शियम घातलेलं असेल तर हे अंतर ४ तास करा.

५. क जीवनसत्त्व विसरू नका, पण त्याचा अतिरेकही नको. प्रोलिनचं हायड्रॉक्सिप्रोलिन करणारं एन्झाइम लोह आणि क जीवनसत्त्वाशिवाय चालत नाही. हायड्रॉक्सिप्रोलिन नसेल तर वेणी शरीराच्या तापमानाला उसवते. स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येतं ते यामुळेच. प्रौढाला रोज साधारण ६५ ते ९० मिलिग्रॅम पुरतात. एखादा पेरू किंवा एक ढोबळी मिरची एवढं सहज देते. १,००० मिलिग्रॅमच्या गोळीनं कोलॅजन दसपट बनत नाही.

६. ओला चमचा डब्यात घालू नका. पावडर हवेतली ओल भराभर ओढते. आधी खडे होतात, मग खाली ढेकूळ. कोरडा खडा फोडून वापरता येतो. आंबूस वास, रंग बदलणं किंवा ओलसर चिकटपणा दिसला तर टाकून द्या. फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही; उलट रोज बाहेर काढलं की थंड डब्यात बाष्प धरतं. पाण्यात कालवलेलं मात्र फ्रीजमध्येही एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नका. ते जिवाणूंना उत्तम खाद्य आहे.

पहिल्या आठवड्यात पूर्ण मात्रेवर उडी मारू नका. २.५ ते ५ ग्रॅमनं सुरू करा, पोट नीट राहिलं तर वाढवा. पोट जड होणं, छातीत जळजळ, ढेकरांना मासळीचा वास, कधी बद्धकोष्ठ किंवा जुलाब, या नेहमीच्या तक्रारी. मात्रा दोनदा विभागून जेवणासोबत घेतली की बहुतेक जातात.

फरक पडला हे कसं ओळखायचं

पैसे खर्च केले की फरक दिसू लागतो, हा मनाचा धर्म आहे. त्याला आवर घालायला थोडी शिस्त लागते. सुरुवातीच्या दिवशी चेहऱ्याचे तीन फोटो काढा: त्याच खिडकीशी, त्याच वेळी, चेहरा धुतल्यावर २० मिनिटांनी, क्रीम न लावता, फिल्टर बंद करून. सांध्यासाठी दर रविवारी ० ते १० या मापात दुखणं लिहा, तेही एका ठरलेल्या हालचालीचं, उदाहरणार्थ दहा पायऱ्या उतरताना. "आज बरं वाटतंय" ही नोंद नाही. या काळात नवं सीरम, नवा व्यायाम, नवी गोळी सुरू करू नका.

त्वचेसाठी १२ आठवड्यांनी फोटो शेजारी ठेवून बघा. शक्यतो तारीख झाकून दुसऱ्याला विचारा की आधीचा कुठला. त्याला ओळखता आला नाही तर निकाल लागला. सांध्यासाठी १२ आठवडे आणि २४ आठवडे असे दोन टप्पे घ्या. दुखणं निदान दोन अंकांनी उतरलं नसेल तर पुढचा डबा आणू नका. मात्रा दुप्पट करून बघू, हा मोह प्रत्येकाला होतो. त्याला आधार नाही.

कोणी थांबायचं, कोणी विचारून घ्यायचं

माशांची ॲलर्जी असेल तर मासळीचं कोलॅजन नाहीच. प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. अंड्याची असेल तर कवचाच्या पापुद्र्याचं नाही. जिलेटिन असलेल्या लशीची किंवा औषधाची प्रतिक्रिया आलेल्यांनी आणि गोचीड चावल्यानंतर लाल मांसाची ॲलर्जी जडलेल्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय डबा उघडू नये.

मुतखड्याचा इतिहास असेल तर जास्त सावध राहा. हायड्रॉक्सिप्रोलिन यकृतात मोडताना त्यातून काही प्रमाणात ऑक्झलेट बनतं, आणि बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. एका प्रयोगात ३० ग्रॅम जिलेटिन खाल्ल्यावर लघवीतलं ऑक्झलेट व्हे प्रथिनाच्या तुलनेत सुमारे ४० टक्के जास्त निघालं. त्यावर क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या घेतल्या तर त्याही ऑक्झलेटमध्ये भर घालतात. दोन्ही एकत्र घेणाऱ्यांना याची कल्पना नसते. किडनीचा आजार असल्यामुळे प्रथिनं मोजून खायला सांगितली असतील, तर कोलॅजनचे ग्रॅमही त्या हिशेबात धरायचे. फेनिलकीटोन्युरिया (फेनिलॲलनिन हे अमिनो आम्ल शरीराला मोडता न येण्याचा जन्मजात आजार) असलेल्यांनी ते आहारतज्ज्ञाच्या तक्त्यात बसवल्याशिवाय घेऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांवर पुरेसे अभ्यास नाहीत. नऊ महिने थांबल्यानं त्वचेचं काही बिघडत नाही.

आता बायोटिन. ते स्वतः विषारी नाही, पण मोठ्या मात्रेत रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकवतं. थायरॉइडच्या तपासण्या तर चुकतातच, पण हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी करतात ती ट्रोपोनिनची तपासणीही खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१७ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला होता. डब्यात बायोटिन असेल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस तो बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा. तातडीनं रुग्णालयात जावं लागलं तर डॉक्टरांना डब्याचं नाव सांगा. लोक गोळ्यांची नावं सांगतात, "ब्युटी पावडर" सांगायची राहून जाते.

बंद करायचं ठरलं तर एका दिवसात बंद करा. हळूहळू कमी करण्याची गरज नाही आणि सोडल्यानं त्वचा आधीपेक्षा खराब होत नाही. सांध्यांसाठी घेत असाल तर सोडल्यावरही आठ आठवडे रविवारची नोंद चालू ठेवा. दुखणं तिथल्या तिथेच राहिलं, तर ते कोलॅजनशिवायही तेवढंच राहिलं असतं असं समजायला हरकत नाही. पुन्हा चढू लागलं, तर मात्र पुढचा डबा घ्यायला तुमच्याजवळ कारण आहे.